गोधडीची उलट बाजूनें शिवण : अस्तराच्या चौकडीचा उपयोग

चैत्र लागला, खळीं उरकलीं आणि धान्य घरांत येऊन पडलें, म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं गोधड्यांची आठवण होते. वर्षभर बाजूस टाकलेलीं लुगडीं, धोतरें व चादरी गाठोड्यांतून बाहेर निघतात. ऊन कडक असल्यामुळें धुतलेलें कापड लवकर वाळतें. आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं पांघरुणें तयार असावींत अशी घरांतील वडील स्त्रियांची घाई असते. हें काम आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणापासून पाहिलेलें असल्यामुळें त्यावर मासिकांत लेख लिहिण्यासारखें काय आहे, असें कोणास वाटेल. परंतु एकाच घरांतील, एकाच जातीच्या कापडाच्या दोन गोधड्यांपैकीं एक वर्षानुवर्षें अंगावर राहते व दुसरी दोन-चार धुण्यांतच गोळा होऊन बसते, हेंही त्यांनीं पाहिलें असेल. हा फरक बहुधा कापडाचा नसून शिवणीचा असतो. आणि शिवणींतही तो हाताच्या कसबापेक्षां ओळींच्या अंतराचा अधिक असतो. हें अंतर बिनचूक राखण्याची एक सोपी रीत आहे, ती येथें सांगावयाची आहे.

गोधडींतील कापड मुळांतच विरलेलें असतें. त्याच्या अंगीं स्वतःचें बळ थोडें उरलेलें असतें. जें बळ येतें तें वरून घातलेल्या दोऱ्याच्या जाळ्यामुळें येतें. ओळी जवळ जवळ व सारख्या अंतरावर असल्या म्हणजे कापडाच्या प्रत्येक पट्टीवर थोडथोडाच भार पडतो. एके ठिकाणीं बोटभर व दुसरीकडे चार बोटें असें अंतर पडलें, कीं रुंद जागेंतील थर सुटे होऊन सरकूं लागतात. धुण्याच्या वेळीं पाण्यानें जड झालेले हे सुटे थर खालीं ओढले जातात, त्यांचा गोळा होतो, आणि त्या गोळ्याच्या कडेचा दोरा प्रथम तुटतो. तेथून पुढें गोधडी उसवत जाते.

शेतकऱ्यास ही गोष्ट त्याच्याच भाषेंत सांगतां येईल. पाभरीच्या फणांमधील अंतर लाकडांत ठरलेलें असतें, म्हणून नवशिका माणूसही तास सारखे धरतो. फोकून केलेल्या पेरणीस मात्र टाकणाऱ्याच्या हातावाचून दुसरा आधार नसतो. आपल्याकडील बहुतेक गोधड्या फोकून पेरल्याप्रमाणें शिवल्या जातात. दर्शनी बाजू वर घेऊन, मागील ओळीवरून पुढील ओळीचा अदमास घेत सुई चालते. पहिल्या ओळींत एक सुताचा वांकडेपणा आला तर तो दहाव्या ओळींत अर्धा इंच होतो. त्यांत दर्शनी बाजू अनेक रंगांच्या तुकड्यांची असली तर नजर फसते ती निराळीच. खडूनें आखावें तर हातानें पुसलें जातें, पेन्सिलीनें आखावें तर डाग राहतात, आणि सुताराप्रमाणें गेरूचा दोरा मारावा तर कापड खराब होतें.

यावर उपाय असा. अस्तरासाठीं साधें मांजरपाट न घेतां विणींतच उभ्या-आडव्या रेषा असलेलें चौकडीचें कापड घ्यावें. गोधडी पालथी घालून अस्तर वर आणावें. आणि त्याच रेषांवरून सुई चालवावी. म्हणजे अस्तर निवडण्याबरोबरच आखणीही होऊन जाते.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, रेषा पाहिजेत तर चौकडीचें कापड दर्शनी बाजूसच कां लावूं नये? लावल्यास हरकत कांहींच नाहीं. परंतु दर्शनी बाजूस बहुधा घरांतील कापड लागतें. कोणाच्या लग्नांतील लुगड्याचा धड राहिलेला भाग, कोणाच्या परकराचे तुकडे, असें मायेचें कापड तेथें येतें, आणि तें तेथेंच शोभतें. विकत घ्यावें लागतें तें मुख्यतः अस्तर. कारण जमिनीचा व अंगाचा घासा त्यासच सोसावा लागतो. पैसे पडावयाचेच आहेत तर ज्या कापडांत आखणी फुकट मिळते तें कां घेऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कापडाची निवड

चौकडी दोन प्रकारची असते, विणलेली व छापलेली. दुकानांत दोन्ही सारखींच दिसतात, पण या कामास त्यांच्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. विणलेल्या चौकडींत रेष म्हणजेच रंगीत धागा. उभी रेष ताण्याची व आडवी बाण्याची. तिच्यावरून घातलेला टांका आपोआप धाग्याला धरून जातो व कापड ओढलें गेलें तरी तिरकें होत नाहीं. छापील चौकडी कापड यंत्रांतून तिरपें गेलें असेल तर धाग्याशीं तिरपीच उमटलेली असते. तिच्यावरून शिवलेली गोधडी प्रथम सरळ दिसते. पण पहिल्या धुण्यानंतर कापड आपल्या मूळ धाग्यावर जातें, आणि चारी कोपरे वांकडे होतात. ओळख सोपी आहे. कापड उलटून पाहावें. रेष दोन्ही बाजूंस सारखीच गडद असेल तर ती विणलेली. तरीही संशय राहिल्यास कडेचा एक आडवा धागा ओढून काढावा व तो रेषेशीं समांतर निघतो कीं नाहीं तें पाहावें.

इरकलीच्या अंगांत चौकडी किंवा पट्टे पुष्कळदां असतात. तसें जुनें परंतु न विरलेलें लुगडें घरांत असेल तर नवें अस्तर घेण्याचें कारणच नाहीं. चौकडीची सुती लुंगी किंवा सदऱ्याचें चौकडीचें सुती कापडही चालतें. नुसत्या उभ्या पट्ट्यांचें कापड लांबीच्या ओळींपुरतें चांगलें आहे, मात्र आडव्या ओळींस त्याचा उपयोग नाहीं.

चौकडीचें घर केवढें असावें हें दुकानांतच टेप लावून ठरवावें. रोजच्या वापराच्या गोधडीस ओळींत एक इंचाचें अंतर आम्हांस योग्य वाटतें. फार विरलेल्या कापडास अर्धा इंच. घर अर्ध्या इंचाचें असल्यास प्रत्येक रेष किंवा एकाआड एक रेष, अशी दोन्ही अंतरें त्याच कापडांतून मिळतात, म्हणून तें सर्वांत सोयीचें. तीन इंचांचीं मोठीं घरें डोळ्यास छान दिसतात, पण मधल्या दोन ओळी पुन्हां अंदाजानेंच घालाव्या लागतात व सगळा हेतु फुकट जातो. रेषेचा रंग ठळक असावा. घरांतील म्हाताऱ्या बायकांचे हात पुष्कळ वर्षें चालतात, पण डोळे आधीं थकतात. पांढऱ्या अंगावर गडद निळी किंवा काळी रेष असली तर त्यांनाही दिवसाच्या उजेडांत ओळ धरतां येते.

नवें सुती कापड पहिल्या पाण्यांत आटतें, जुनें लुगडें जेवढें आटावयाचें तेवढें पूर्वींच आटलेलें असतें. ह्यास्तव अस्तर आधीं रात्रभर भिजवून, धुवून व वाळवून मगच मापावें. हा एक दिवस वांचविला तर गोधडी धुतल्यावर अस्तर आंखडतें व दर्शनी बाजू फुगून तिला चुण्या पडतात. त्याच वेळीं ओलें फडकें गडद रंगावर घासून रंग सुटतो कीं काय तेंही पाहावें.

आतां टेरिलिन व पॉलिएस्टरच्या साड्यांविषयीं. अलीकडे घरोघर जुन्या कापडांत याच साड्यांचा भरणा अधिक असतो. त्या लवकर विरत नाहींत, धुतल्यावर लवकर वाळतात, हें खरें. पण त्या घाम टिपीत नाहींत, एकमेकींवरून घसरत असल्यामुळें शिवतांना थर जागेवर राहत नाहींत, आणि मुख्य म्हणजे ठिणगी पडल्यास वितळून अंगास चिकटतात. राखणीस गेलेला माणूस गोधडी घेऊन शेकोटीशेजारीं बसतो; त्याच्या अंगावर असलें कापड नसावें. मधल्या थरांत एखादा तुकडा खपून जाईल, पण वरखालीं कापूसच पाहिजे.

मापें व मांडणी

एका माणसाच्या गोधडीचा हिशेब पाहूं. नऊवारी लुगडें ३२४ इंच लांब असतें; पन्हा साधारण ४५ इंच धरूं. पदराकडील जाड भाग काढून ७७ इंचांचे चार तुकडे करावे, म्हणजे ३०८ इंच लागतात. दोन्ही कांठ दोन-दोन इंच कापून टाकावे. कांठाचें सूत दाट असल्यामुळें तो इतर कापडाबरोबर आटत नाहीं व तेथें झोळ येतो. अशा रीतीनें ७७ इंच लांब व ४१ इंच रुंद असे चार थर एका लुगड्यांतून निघतात. कापलेले कांठ फेंकूं नयेत. बंगालमध्यें कांथा शिवणाऱ्या बायका पूर्वीं साडीच्या कांठांतील रंगीत धागे उसवून त्यांनींच कांथा शिवीत. आपल्याकडे निदान दोरीस तरी ते उपयोगीं पडतात. अस्तर सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच घ्यावें. तें ४५ इंच पन्ह्याचें असल्यास चारी बाजूंस दोन-दोन इंच जास्त राहतें, व शेवटीं तेंच दर्शनी बाजूकडे दुमडून गोट घालतां येतो. दोघांची गोधडी करावयाची असल्यास अस्तराचे दोन पन्हे जोडावे लागतील. त्या जोडांत रेष रेषेस मिळाली पाहिजे, नाहींतर पुढील सर्व काम बिघडेल.

सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर दर्शनी कापड पालथें, म्हणजे चांगली बाजू जमिनीकडे करून पसरावें. त्यावर तीन थर एकेक करून घालावे व प्रत्येक थर हातानें मधून कडेकडे साफ करीत न्यावा. सर्वांत वर अस्तर, चांगली बाजू वर करून. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावें.

आतां येथें एक अडचण येते. अस्तर चारी बाजूंस मोठें असल्यामुळें खालील थरांची कड कोठें संपते हें वरून दिसत नाहीं. म्हणून कडेस हातानें चाचपून तिच्यावरून रंगीत दोऱ्याचा कच्चा टांका चारी बाजूंनीं घालून घ्यावा. तीच पुढें आपली हद्द. दुसरी अडचण दर्शनी बाजूच्या तुकड्यांची. दर्शनी बाजू चौकोनी तुकडे जोडून केलेली असेल आणि तिचे जोड अस्तराच्या रेषांशीं समांतर नसतील, तर ओळी कितीही सरळ असल्या तरी पुढून पाहणारास त्या तिरप्याच दिसतात. यासाठीं मधल्या एका उभ्या जोडाच्या दोन्ही टोकांस खालून टांचणी टोंचून वर काढावी. दोन्ही टांचण्या अस्तराच्या एकाच रेषेवर निघाल्या तर मांडणी बरोबर आहे. एक रेषेवर व दुसरी बाजूस निघाली तर अस्तर तेवढें फिरवून घ्यावें. असेंच एका आडव्या जोडावरून करावें. जोड नेमका शिवणीच्या रेषेखालीं येत असेल तर अस्तर अर्धें घर सरकवावें, कारण जोडाची घडी जाड असते व तेथें सुई अडते.

मग मधून कडेकडे जाणारे कच्चे टांके वीतभर अंतरानें उभे व आडवे घालावे. ह्या कामास आळस करूं नये. दर्शनी बाजू खालीं असल्यामुळें तिला पडलेली चुणी शिवणारीस दिसत नाहीं. तिला जागेवर धरून ठेवणारे हे कच्चे टांकेच असतात. ते घालून झाल्यावर गोधडी एकदां उलटून पाहावी व चुणी दिसल्यास तेवढा भाग उसवून साफ करावा.

सुईचें काम

गोधडीचा टांका म्हणजे धांवदोरा. वरचा टांका जेथें संपतो तेथें खालचा सुरू होतो. म्हणून सुई सरळ उभी टोंचली गेली तर दोन्ही बाजूंस टांके सारखेच पडतात. ती तिरपी गेली तर वरचा टांका मोठा व खालचा तिळाएवढा पडतो. आणि पांच थरांतून सर्वांत खालचा थर सुटण्याचीही भीति असते. उलट बाजूनें शिवतांना हा सुटणारा थर म्हणजे नेमकी आपली दर्शनी बाजू, हें लक्षांत ठेवावें. जमिनीवर पसरून शिवतांना सुईचें टोंक जमिनीस लागल्याचें बोटास कळतें. तें कळल्यावरच टोंक वर वळवावें. मांडीवर घेऊन शिवणाऱ्यांनीं डावा हात खालीं ठेवून टोंक बोटास लागूं द्यावें. पांच थरांस एका इंचांत वर दोन व खालीं दोन टांके पुरे होतात. अंगुस्तान वापरावें, न वापरण्याची पुष्कळ बायकांस संवय असते, पण दिवसभराच्या कामांत बोटाची चाळण होते.

दोऱ्याची सुरुवातीची व शेवटची गांठ अस्तराकडे येते, हा या रीतीचा आणखी एक फायदा. गांठ थोडी ओढून वरच्या थराखालीं दडवावी.

पहिली ओळ मधल्या रेषेवर घालावी, आणि तेथून दोन्ही बाजूंस सरकावें. कडेकडून सुरुवात केल्यास सैल झालेलें कापड मध्यें जमतें व त्यास बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. कडाही आधीं बंद करूं नयेत. सर्व ओळी झाल्यावर कापड थोडें बाहेर सरलेलें असतें, तें कापून मग गोट घालावा. या बाबतींत कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या बाजूस राहणाऱ्या सिद्दी लोकांची रीत अगदीं उलट आहे. त्यांच्या बायका कवंदी शिवतांना कोपऱ्यापासून व कडेपासून सुरुवात करून चौफेर फिरत मध्यावर येतात. परंतु त्या वरचे तुकडेही शिवतां शिवतांच बसवीत जातात, म्हणून आलेली सैल पुढच्या तुकड्यांत जिरून जाते. आधींच पुरी मांडलेल्या गोधडीस ती सोय नाहीं. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांस घडी घातलेल्या कापडाचें फूल लावतात, व त्यावांचून कवंदी पुरी झाली असें त्या मानीत नाहींत.

मधली ओळ झाल्यावर दोघींनीं बसावें; एकीनें उजवीकडे व दुसरीनें डावीकडे जावें. अंदाजानें शिवलेल्या गोधडींत दोन हातांच्या ओळी कधींच सारख्या येत नाहींत, म्हणून पुष्कळ घरीं एकटी बाईच महिनाभर गोधडी घेऊन बसलेली दिसते. रेषेवरून शिवतांना हा प्रश्न उरत नाहीं. सुनेनें सकाळीं पांच ओळी घालाव्या, मुलीनें शाळेंतून आल्यावर दोन घालाव्या, आणि दुपारीं आजीनें पुढें चालवावें. अंतर चौकडीनें ठरविलेलें असल्यामुळें कोणाची ओळ कोणती हें टांक्याच्या लहानमोठेपणावांचून ओळखूंही येत नाहीं. पुरुषांनीं हातीं सुई घेतली तरी गोधडी बिघडणार नाहीं, असेंही येथें सुचवून ठेवतों. तीन-चार ओळी झाल्या कीं गोधडी उलटून पुढील बाजू पाहावी. सगळें झाल्यावर पाहिल्यास उसवण्याचें धैर्य कोणासच राहत नाहीं.

लांबीच्या ओळी हा साधा प्रकार झाला. उभ्या-आडव्या दोन्ही रेषा धरल्यास गोधडी अधिक घट्ट होते, पण कडकही होते. अंथरण्यास ती चांगली, पांघरण्यास नव्हे. आपल्याकडे चौकटींत चौकट अशी जी जुनी शिवण आहे ती चौकडीच्या अस्तरावर फार नीट साधते. कडेपासून इतकी घरें मोजून आंत यावें, त्याच संख्येच्या आडव्या रेषेवर वळावें, म्हणजे चारी कोपरे काटकोनांत येतात. अंदाजानें शिवतांना याच कोपऱ्यांवर काम फसतें. ह्या शिवणींतही प्रथम मधली लहान चौकट घालून बाहेर येत जावें. घराच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यास तिरप्या रेषा धरल्या, तर पुढून शंकरपाळ्यांसारखी नक्षी दिसते. ती दिसते सुंदर, पण तिरप्या दिशेनें कापड ताणलें जातें, म्हणून तेथें दोरा ओढून घेऊं नये. व नवशिक्यानें ती करूंच नये.

तान्ह्या मुलाच्या दुपट्यास मात्र छापील चीट अस्तरास घेऊन पाहण्यासारखें आहे. दर्शनी बाजू एकरंगी ठेवावी व अस्तरावरील वेल, पान, फूल यांच्या कडेनें सुई फिरवावी. छाप मागेंच राहतो, आणि पुढें नुसत्या टांक्यांचीं फुलें उमटतात. चित्र काढतां न येणाऱ्या बाईसही ही नक्षी साधते. मात्र फुलें दाट व सर्वत्र सारखीं पसरलेलीं असावींत. दोन फुलांमध्यें चार बोटांहून अधिक मोकळी जागा राहिली तर तेथेंही एखादा टांका घालणें भाग आहे.

शिवणयंत्रावर

यंत्रानेंही हें काम होतें, पण एक गोष्ट विसरूं नये. अस्तर वर असल्यामुळें वरच्या रिळाचा दोरा अस्तरावर दिसतो व बॉबिनचा दोरा दर्शनी बाजूवर पडतो. म्हणून दर्शनी कापडास शोभणारा रंग बॉबिनमध्यें भरावा. तेवढ्याच थरांचा एक वीतभर तुकडा करून त्यावर आधीं टीप मारून पाहावी. खालच्या बाजूस दोरा सैल फांसासारखा दिसत असेल तर वरचा ताण वाढवावा, वरच्या बाजूस दोरा सरळ तारेसारखा ताठ पडत असेल तर कमी करावा. सुई १६ नंबरची व टीप इंचास आठ टांक्यांची असावी. सर्व ओळी एकाच टोंकाकडून शिवाव्या. एक ओळ जातांना व दुसरी येतांना शिवली तर यंत्राचा पाय वरचें कापड एकदां इकडे व एकदां तिकडे लोटतो आणि ओळींमध्यें तिरप्या लाटा उठतात. बॉबिन ओळीच्या मध्यें संपली तर तो जोड पुढच्याच बाजूस दिसतो, म्हणून चार बॉबिना आधींच भरून ठेवाव्या.

एवढें सांगूनही आमचें मत हाताच्या शिवणीकडेच आहे. विरलेल्या कापडास यंत्राच्या सुईनें जवळ जवळ पाडलेलीं छिद्रें सोसत नाहींत. पत्रावळ दुमडीवर फाटावी तसें तें कापड टिपेवर फाटतें. नव्या कापडाच्या दुलईस यंत्र खुशाल वापरावें.

मजुरीचा हिशेब

ज्यांच्या घरीं हें काम करणारें कोणी नसतें ते गांवांतील बायकांकडून गोधड्या शिवून घेतात. मजुरी बहुधा नगावर ठरते, आणि येथेंच दोन्ही पक्षांचें नुकसान होतें. वर सांगितलेल्या ७७ इंच लांब व ४१ इंच रुंद गोधडींत दोन इंचांवर ओळी घातल्या तर २० ओळी, म्हणजे सुमारें ४३ वार शिवण होते. एक इंचावर घातल्या तर ४० ओळी व सुमारें ८६ वार; अर्ध्या इंचावर ८१ ओळी व सुमारें १७३ वार. नगाचा दर एकच असेल तर चौपट काम करणारीस तेवढाच पैसा मिळतो. मग तिनें ओळी विरळ घातल्या तर तिला दोष कसा द्यावा? आणि विरळ ओळींची गोधडी लवकर फाटली म्हणजे "हल्लीं पूर्वींसारखें काम राहिलें नाहीं" असें म्हणावयास घरधनी मोकळा! पूर्वींच्या बाईस पुष्कळदां तिच्या कामाचा मोबदला मिळतच नव्हता, ही गोष्ट तो सोयीनें विसरतो.

चौकडीच्या अस्तरावर हा हिशेब अगदीं उघड होतो. काम देतांना "प्रत्येक रेषेवर" किंवा "एकाआड एक रेषेवर" एवढें सांगितलें कीं दोघांनाही काम किती आहे तें कळतें. दर दहा ओळींस ठरवावा. मांडणी व कच्चे टांके यांचे पैसे निराळे, गोटाचे निराळे. काम झाल्यावर गोधडी पालथी घालून ओळी मोजण्यास दोन मिनिटें लागत नाहींत, व त्यांत वादास जागा राहत नाहीं. मोबदला धान्यांत देण्याचें ठरलें असेल तरी मोजणी हीच ठेवावी. दोरा मालकानें द्यावा. दोरा वर-खालीं जात असल्यामुळें शिवणीच्या लांबीहून निदान पांचवा हिस्सा अधिक धरावा लागतो, म्हणजे एक इंचाच्या ओळींस शंभर वारांहून थोडा जास्तच. तो बारीक व स्वस्त घेऊं नये, कारण गोधडीचें सारें बळ त्यांतच आहे.

दुरुस्तीसही चौकडी उपयोगीं पडते. ओळींचा क्रम सारखा असल्यामुळें दोरा कोठें तुटला आहे तें अस्तरावर पाहतांक्षणीं कळतें. जी रेष मोकळी दिसते तेथील दोरा गेला. वर्षांतून दोनदां, धुण्यापूर्वीं, गोधडी उन्हांत पालथी पसरून अशा रेषा शोधाव्या व त्यांवर नवा दोरा घालावा. तुटलेल्या टोंकांपलीकडे दोन्ही बाजूंस चार-चार घरें जुन्या टांक्यांवरूनच शिवत जावें, म्हणजे जुना दोरा पुढें उसवत नाहीं. ओली गोधडी दोरीवर एका टोंकाला धरून टांगूं नये. ओळी आडव्या येतील अशी दुहेरी टाकून वाळवावी.